लोहगडाची गर्दी कुणाच्या खात्यात?

लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की लोहगडाला पायीच जावं. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव लागतं. आषाढातला मंगळवार होता. खाचरांत आवणी चालली होती, आणि विसापूरचा माथा ढगात होता.

आधी भाज्याची लेणी. चैत्यगृहात शिरताच मान आपोआप वर जाते. खांब आत कललेले, छताला लाकडी फासळ्या. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं हे काम. डोंगरात कोरलेल्या छताला लाकडाचा आधार कशाला लागतो? पण कारागिरांचा हात लाकडी बांधणीला सरावलेला, तीच त्यांनी इथेही चढवली. इतक्या पावसाळ्यांनंतर ती अजून जागेवर आहे. खाली धबधब्याकडून मात्र स्पीकरवरचं गाणं वर येत होतं. लेण्यावर पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे. गाण्यावर कुणाची असणार?

गायमुख खिंडीत वाट फुटते. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. लोहगडवाडीत एका मावशींकडे पिठलं-भाकरी सांगितली. चुलीजवळ ओले बूट वाळत घातले आणि रविवारच्या गर्दीचं विचारलं.

"धंदा रविवारचाच हाय, दादा," भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. "पर त्या दिशी आजारी मानूस खाली न्यायचा म्हनलं तर रस्ता घावत न्हाई."

लोहगडाचं प्रवेशद्वार एकच नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारं नागमोडी चढणीवर एकामागून एक येतात. वरच्या तटावरून खालचा दरवाजा थेट माऱ्यात. चढून येणाऱ्याने वळणावर अडकावं, दाटावं, म्हणूनच ही रचना. 2023 च्या पावसाळ्यात याच वळणांवर हजारो पर्यटक तासन् तास अडकले आणि त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. गड आपलं काम चोख करत होता!

माथ्यावर धुकं क्षणभर हटलं. विंचूकाट्याची लांब सोंड दिसली. पलीकडे पवनेचं पाणी, तुंग, तिकोना. पिंपरी-चिंचवडचे नळ याच पाण्यावर चालतात.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यांत लोहगड आहे. अभिमान वाटतोच. पण तट-बुरूज केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, रान वनखात्याकडे, वाहनतळ आणि कचरा ग्रामपंचायतीच्या गळ्यात, गर्दी पोलिसांकडे. कायदाही अंतर मोजतो: संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामबंदी, पुढचे 200 मीटर परवानगीने. एका दिवसात गडावर किती माणसं मावतात, हे मात्र त्या मीटरांत बसत नाही.

माझं मत सरळ आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गडावर जाणाऱ्यांची संख्या बांधून द्यावी, नोंदणी खाली भाज्यातच व्हावी आणि तिथे जमणाऱ्या पैशातला ठरलेला वाटा लोहगडवाडीला मिळावा. वाट राखणारे, हरवलेल्याला शोधायला रात्री बॅटरी घेऊन निघणारे तेच आहेत. तोवर आपण एवढं तरी करू: आडवारी जाऊ, लोकलने जाऊ, जेवण वाडीतच घेऊ आणि आपली बाटली आपल्याच पिशवीत परत आणू.