तबकडीतला ठसा

पेण,
वैशाख शुद्ध पंचमी

चि. मृणाल हिस पेणहून काकांचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

जॅझ हे संगीत जागच्या जागी सुचत जाते आणि तबकडी ही वस्तू साच्यातून निघते. जॅझच्या तबकड्या जमवण्यात आणि ऐकण्यात जो आनंद आहे, तो या दोन विरुद्ध स्वभावांच्या भेटीतून उपजलेला आहे, आणि रोह्याला पाठवलेली तबकड्यांची पेटी उघडण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतले तर पुढचे सारे सोपे जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, कृष्णवर्णीय वादकांच्या हातून आकाराला आलेल्या या संगीतात एखाद्या परिचित गाण्याची चाल आणि तिच्याखालचा स्वरसंघांचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांचा, क्रम तेवढा ठरलेला असतो. तो क्रम आवर्तनासारखा फिरत राहतो आणि पाळी आली की प्रत्येक वादक त्यावर नवी चाल रचतो. ख्यालात बंदिश ठरलेली आणि विस्तार त्या रात्रीचा, तसाच हा प्रकार. त्यामुळे स्टुडिओत एकच गाणे तीनदा वाजवले तर तीन निराळी गाणी हाती लागतात. अशा प्रत्येक वेळच्या मुद्रणाला 'टेक' म्हणतात, आणि तबकडीवर बहुधा त्यांतला एकच उतरतो.

साचा म्हणजे काय हे पेणेत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हमरापूर आणि जोहे या गावांतल्या गणपतीच्या कारखान्यांत मूळ मूर्ती मातीत घडते, तिच्यावरून रबराचा साचा उतरतो, साच्यातून मूर्तींमागून मूर्ती निघतात, आणि साचा जसजसा थकतो तसतशी सोंडेवरची वळी, बोटांची पेरे आणि मुकुटावरची नक्षी बोथट होत जाते. कसबी कारागिराने कच्ची मूर्ती नुसती हाती घेतली तरी ती नव्या साच्यातली की जुन्या, हे त्याला कळते. तबकडीचेही अगदी तसेच आहे. लॅकर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर एक कोरणी ध्वनीच्या कंपनांबरहुकूम चर कोरते. त्या चकतीवर चांदीचा पातळ थर आणि त्यावर विजेच्या साहाय्याने निकेल चढवून तिची उलटी प्रतिमा काढतात, उलटीवरून सुलटी, आणि सुलटीवरून पुन्हा उलटे ठसे. दोन ठशांमध्ये व्हिनाइलचा तापलेला गोळा दाबला की तबकडी तयार होते. हे व्हिनाइल म्हणजे शेतावर पाणी नेणारे पाइप ज्या जातीचे असतात त्याच जातीचे प्लास्टिक. ठसाही साच्यासारखाच झिजतो, आणि म्हणूनच आरंभीच्या दाबणीतली प्रत मिळवण्यासाठी संग्राहक जिवाचे रान करतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो निव्वळ हव्यास वाटतो. तसे नाही, झांजेवर काठी टेकल्यानंतर जो बारीक नाद हवेत विरत जातो, तो थकलेल्या ठशातून आलेल्या प्रतीत खरोखरच अर्ध्यावर तुटतो.

कोणती प्रत कोणत्या साच्यातली, हे तबकडीवरच लिहिलेले असते. शेवटचा सूर संपतो तिथपासून मधल्या कागदी लेबलापर्यंत जी गुळगुळीत काळी पट्टी उरते, ती खिडकीच्या उजेडात तिरपी धरली की तिच्यावर कोरलेले आकडे आणि अक्षरे दिसू लागतात. 'ब्लू नोट' या न्यू यॉर्कच्या कंपनीच्या जुन्या तबकड्यांवर तिथे 'आर. व्ही. जी.' अशी तीन अक्षरे सापडतात. ती रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाची. हा गृहस्थ पेशाने दृष्टी तपासून चष्म्याचा नंबर काढणारा होता आणि 1959 पर्यंत न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे आईवडिलांच्या घराच्या बैठकीच्या खोलीत मुद्रण करीत असे. जॉन कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' ही विख्यात तबकडी 15 सप्टेंबर 1957 रोजी त्याच खोलीत मुद्रित झाली. त्या तीन अक्षरांच्या आसपास कानाच्या पाळीसारखे एक वळणदार चिन्ह असेल तर ती प्रत प्लास्टिलाइट या कारखान्यात दाबलेली, म्हणजे जुनी, हेही त्या पट्टीवरून ठरते. पेटीतील प्रत अलीकडची आहे; तिच्यावर हे चिन्ह शोधू नये.

व्हिनाइलच्या आधीच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या असत. दगडाची बारीक पूड आणि लाख यांच्या मिश्रणातून त्या दाबल्या जात आणि ती लाख मुख्यतः भारतातून जाई, म्हणजे लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटचा आवाज ज्या द्रव्यात जपला गेला त्यातला मोलाचा भाग हिंदुस्थानातील जंगलांचा होता. ही गोष्ट एरवी कौतुकापुरतीच राहिली असती, पण दुसऱ्या महायुद्धात तिला वेगळे वजन आले. लाखेची आवक अडली आणि एप्रिल 1942 मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले. पाठोपाठ 1 ऑगस्टपासून तिथल्या वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार टाकला. नेमक्या त्याच काळात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे न्यू यॉर्कमध्ये 'बीबॉप' नावाची वेगवान, अवघड वळणांची नवी शैली घडवत होते, आणि तिच्या जन्मकाळातले वादन जवळजवळ सगळेच हवेत विरून गेले. साचा नसला की या संगीताचे काय होते, हे त्या मोकळ्या जागेवरून दिसते.

78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. ज्या तंत्राने ख्यालगायकांना तासाभराचा राग तेवढ्यात बसवायला लावले, त्याच तंत्राने आर्मस्ट्राँगलाही बांधले, आणि 1928 मधील त्याच्या 'वेस्ट एंड ब्लूज'च्या आरंभीची साथीविना वाजवलेली फिरत ऐकताना, जागा थोडी आहे हे जाणणाऱ्या थोर कलावंताची घाई आणि संयम दोन्ही एकदमच कानी पडतात. 1948 मध्ये अमेरिकेत मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर, म्हणजे 33⅓ फेरे घेणारी बारा इंची एल. पी. आली, एका बाजूला वीसबावीस मिनिटे मिळू लागली, आणि दोन्ही परंपरांना श्वास घ्यायला अवकाश मिळाला. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' 1959 ची, तर उस्ताद अमीर खाँ यांची एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी असलेली तबकडी 1960 ची. पेटीत त्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत आणि त्या तशाच ऐकाव्यात.

'काइंड ऑफ ब्लू'वरील पहिले गाणे, 'सो व्हॉट', मराठी कानाला फारसे परके वाटत नाही, याचे कारण सांगण्याजोगे आहे. बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट. या गाण्याचे आवर्तन बत्तीस बारांचे. पहिल्या सोळा बारांत काफी थाटाचे स्वर, म्हणजे गंधार-निषाद कोमल आणि बाकीचे शुद्ध. पुढच्या आठांत तोच थाट षड्जासकट अर्ध्या स्वराने वर चढतो, आणि शेवटच्या आठांत सारे पुन्हा मूळ जागी उतरते. भराभर बदलणाऱ्या स्वरसंघांच्या जागी डेव्हिसने एकच स्वरसप्तक दीर्घकाळ धरून ठेवले, आणि त्यामुळे वादकांना रागविस्तारासारखी सवड मिळाली. षड्ज हलतो ती जागा पहिल्या ऐकण्यात निसटते, तिसऱ्या-चौथ्यात तिची वाट पाहिली जाते. या तबकडीत एक दोषही आहे. 2 मार्च 1959 च्या मुद्रणात एक टेप-यंत्र किंचित मंद चालत होते, त्यामुळे त्या टेपवरून काढलेल्या प्रतींची पहिली बाजू मूळ वादनापेक्षा अंमळ चढ्या स्वरात वाजते; ही चूक 1992 मध्ये दुरुस्त झाली. तरीही तीसेक वर्षे जगाने जे ऐकले आणि ज्यावर नवे वादक घडले ते चढ्या स्वरातलेच 'सो व्हॉट' असल्यामुळे, जुनी प्रत टाकून देणे योग्य नव्हे.

या पेटीत 'अलबेला' चित्रपटाची गाणी का, असा प्रश्न पडेल. जॅझ मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजत होते तेव्हा ते परदेशी होते, हे खरे: 1935 मध्ये लिऑन ॲबे या कृष्णवर्णीय वादकाचा संच तिथे आला, क्रिकेट स्मिथ या वादकाने 1936 मध्ये 'ताजमहाल' नावाचा फॉक्सट्रॉट मुंबईतच मुद्रित केला. पण या संचांच्या सहवासात गोव्याचे तरुण वादक तयार झाले. चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेले हे वादक. त्यांच्यातला आल्दोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवू लागला आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला गेला. पुढे 1949 चा दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री ओस पडू लागल्या, आणि अशा वादकांना चित्रपटांच्या स्टुडिओंतला आधार अधिकच मोलाचा ठरला. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजेच सी. रामचंद्रांनी, चिकला साहाय्यक म्हणून जवळ केले, आणि 1951 च्या 'अलबेला'त भगवानदादांच्या नाचामागे जे ट्रम्पेट झळाळते ते त्या जवळिकेचे फळ आहे. चिक आपल्या संचासह पडद्यावरही दिसतो. म्हणजे कोकणातल्या ज्या घरांनी जॅझ हा शब्दही ऐकला नव्हता, त्या घरांत रेडिओवाटे ते येऊन बसलेले होते. संग्राहकांच्या फळीवर 'अलबेला' आणि आर्मस्ट्राँग वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची रीत आहे. ती चुकीची आहे. शंकर-जयकिशन यांची रईस खाँच्या सतारीसह निघालेली 1968 ची 'रागा जॅझ स्टाइल' आणि ड्यूक एलिंग्टनची, 1963 च्या भारतभेटीची आठवण जपणारी, क्लॅरिनेटवर साळुंकीची शीळ काढणारी 'फार ईस्ट स्वीट' याही त्याच कप्प्यातल्या.

आता जपणुकीविषयी. कुंडलिकेच्या काठची हवा पेणेइतकीच दमट, आणि पावसाळ्यात रोह्याच्या जुन्या घराच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून कपाट आतल्या भिंतीला असावे. व्हिनाइलवर ओलीचा परिणाम होत नाही. बुरशी धरते ती कागदी कव्हरावर, चरातल्या धुळीवर आणि बोटांच्या तेलकट डागांवर. तबकडी दोन्ही तळव्यांनी कडेला धरावी, उभीच ठेवावी, एकीवर एक रचू नये. वैशाखात कौलांखालच्या माळ्यावर तर मुळीच नको, कारण तिथल्या तापाने ती वाकते. पुसताना ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ सुती फडके पुरते. पेटीतल्या लाखेच्या सात तबकड्यांना मात्र स्पिरिट चुकूनही लावू नये, लाख त्यात विरघळते.

एका बाजूच्या चराची लांबी सुमारे साडेचारशे मीटर भरते आणि सुई ती कडेकडून मध्याकडे चालते. फेऱ्यांची गती तीच, पण आतले वर्तुळ लहान, त्यामुळे दर सेकंदाला सुईखालून जाणारा चर आखूड होत जातो आणि शेवटच्या गाण्यातले तार स्वर थोडे भरड लागतात. ते यंत्राचे बिघडणे नव्हे, म्हणून दुकानात प्लेअर दुरुस्तीला नेऊ नये. सुईचा भार पावणेदोन ग्रॅमवर लावून ठेवला आहे. सुई टेकल्यावर सूर येण्याआधी जी दोन-तीन फेऱ्यांची मंद खरखर येते, तेवढ्या वेळात खोलीतला पंखा बंद करावा.

'ब्लू ट्रेन'च्या कव्हरात लेबलाशेजारील आकडे टिपून ठेवलेले वहीचे पान आहे. चि. मृणालने बाकीच्या तबकड्यांवरचे आकडे उजेडात वाचून त्याच पानावर उतरवावेत आणि पान पेणेस पाठवावे, म्हणजे कोणती प्रत कुठल्या दाबणीतली याचा मेळ घालता येईल. वहिनींस नमस्कार. कळावे.

काका