पाण्यापर्यंत पोहोचणारा पंप

संपादकांनी ‘जुने आणि नवे बंब’ हा विषय दिला आणि लेख सोपा ठेवायला सांगितलं. प्रयत्न करतो, पण पंपाबद्दल बोलायला लागलं की दाब आणि खोली यांना टाळता येत नाही.

१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आम्ही गाड्या मैदानात मांडतो. मुलं नव्या गाडीच्या सायरनभोवती जमतात, वडीलधारे जुन्या पितळी ब्रँचवरून, म्हणजे होजच्या तोंडावरच्या नळीवरून, हात फिरवतात. महाडच्या अशाच एका प्रदर्शनात पोलादपूरकडच्या एका आजोबांनी विचारलं, “साहेब, ही आमच्या वाडीत येईल का?” तो प्रश्न अजून माझी पाठ सोडत नाही.

त्याचं उत्तर पंपात दडलं आहे. लंडनच्या मेरीवेदर कंपनीचे वाफेवरचे जुने बंब दट्ट्याच्या पंपावर चालत. तो पंप पाइपातली हवा स्वतःच ओढून काढतो. आजचा सेंट्रिफ्यूगल पंप भरपूर पाणी अखंड देतो, पण त्याला हवा ओढता येत नाही. आधी सक्शन पाइपातली हवा काढावी लागते. हेच प्रायमिंग. पूर्वी ते इंजिनाच्या धुराच्या झोतावर हाताने करत, आता आपोआप होतं. निसर्गाचा नियम मात्र दोन्ही पंपांना सारखाच. पंप पाणी ओढत नाही, बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. नळीने सरबत पिताना हेच घडतं. पाणी असं वर चढण्याची उंची हिशेबाने दहा मीटरच्या आसपास येते, प्रत्यक्षात सातेक मीटरला हात टेकावे लागतात.

आता पोलादपूर तालुका डोळ्यांसमोर आणा. आंबेनळी घाटाचा रस्ता वर, पाणी खाली दरीत. एप्रिलमध्ये वणवे पेटतात, गोठे आणि गवताच्या गंज्या जळतात, तेव्हा ओढ्यात जेमतेम डोह उरलेले असतात. कोट्यवधींची गाडी रस्त्यावर उभी राहील, पण तिचं सक्शन त्या डोहापर्यंत पोहोचणार नाही. तिथे चौघांनी उचलून खाली नेता येणारा पोर्टेबल पंप हवा. दुसऱ्या महायुद्धातले ट्रेलर पंप याच विचाराने बनले होते. मी हे अनेक बैठकांत मांडलं आहे. चर्चा दरवेळी उंच शिडीच्या गाडीकडे वळते आणि मी थकून घरी येतो.

लोकांचा एक आरोप फार लागतो: “बंब रिकामाच आला.” साध्या गाडीत साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं. दोन होजमधून मिनिटाला नऊशे लिटर सोडलं तर ते पाच मिनिटांत संपतं. पुढचं पाणी गावातूनच मिळायला हवं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीची गरज मात्र वेगळी. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या औषधनिर्मिती कारखान्यातल्या स्फोटात आणि आगीत अकरा कामगार गेले. रसायनांच्या ठिकाणी नुसतं पाणी पुरत नाही. मिथेनॉल, अॅसिटोन पाण्यात मिसळतात आणि साधा फोम खाऊन टाकतात. त्यांच्यासाठी अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो. सोडियमसारख्या धातूवर तर पाणी मारणंच घातक. तिथे आधुनिक फोम टेंडर आणि श्वसन उपकरणं हवीतच, आणि कोणत्या टाकीत काय आहे हे जवानाला फाटकातच कळायला हवं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: महाडला फोम, पोलादपूरला हलका पंप. येत्या ग्रामसभेत वाडीजवळच्या बारमाही पाण्याची जागा ठरवून घ्या, तिथवर पायवाट मोकळी ठेवा आणि साठवण टाकीची मागणी ठरावात लिहून घ्या. वर्दीसाठी १०१ वर फोन कराल, तेव्हा गावाच्या नावाबरोबर पाणी कुठे आहे तेही सांगा.