अकरा चेहऱ्यांचा देव बोरिवलीत!

मुलांनो, जपानी कार्टूनमध्ये कधी कधी एक अजब मूर्ती दिसते. डोक्यावर आणखी डोकी! "बाई, हा जपानी रावण का?" असं वर्गात मुलं विचारतात. नाही रे बाबांनो! तो जुइचिमेन कान्नोन. जुइचि म्हणजे अकरा, मेन म्हणजे चेहरा.

त्याचा भाऊबंद बघायला जपानला जायला नको. बोरिवलीला उतरा, नॅशनल पार्कात शिरा आणि थेट कान्हेरी गाठा. काळ्या पाषाणात शंभरावर लेणी आहेत. त्यातलं ४१ नंबरचं शोधा. तिथे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी कोरलेला अवलोकितेश्वर उभा आहे. मुख्य चेहऱ्यावर दहा लहान चेहरे रचलेले! भारतात अशी मूर्ती फार दुर्मीळ. अवलोकितेश्वराची भक्ती भारतातून चीन-कोरियामार्गे जपानला पोचली आणि तिथे तो कान्नोन झाला.

पण इतके चेहरे कशाला? कुठल्याही दिशेला कुणी दुःखात असेल, तर ते दिसावं म्हणून!

मूर्ती आता झिजली आहे. तेव्हा डोळे भरून बघा, पण हात लावू नका, भिंतीवर नावं कोरू नका. तुमच्यामागून येणाऱ्यांनाही अकराच्या अकरा चेहरे मोजता यायला हवेत ना?