कंपनीचं कार्ड

कंपनीच्या आरोग्य विम्याचं प्लास्टिकचं कार्ड आता फारसं दिसत नाही. हल्ली ते मोबाइलमध्ये पीडीएफ होऊन राहतं. वर विमा कंपनीचं नाव, खाली दावे हाताळणाऱ्या टीपीएचा टोल फ्री नंबर, मधे नोकरी करणाऱ्या बाईचं नि तिच्या नवऱ्याचं नाव आणि शेजारी एम्प्लॉयी कोड. कार्डाचा सगळा जीव त्या कोडमध्ये.

स्वभावाने मात्र दिलदार. स्वतःचा मेडिक्लेम काढायला जा, थायरॉइड आहे का, शुगर आहे का, आधीचं सिझेरियन आहे का, अशी उलटतपासणी होते. त्यातल्या बऱ्याच पॉलिसींत बाळंतपण नसतंच. असलं तर वेटिंग पीरियड, दोन-तीन वर्षांचा तर सर्रास. आधीच दिवस गेलेले असतील तर ते बाळंतपण हिशेबातच नाही. कंपनीचं कार्ड यातलं काही विचारत नाही. कंपन्या काढतात त्या बऱ्याच गट पॉलिसींत मॅटर्निटी पहिल्या दिवसापासून लागू, बहुधा दोन मुलांपर्यंत. नॉर्मलची मर्यादा वेगळी, सिझेरियनची वेगळी. एचआरला वेळेत कळवलं की बाळाचंही नाव चढतं.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने हे कार्ड कधी नीट उघडूनही पाहिलं नव्हतं. मूल हवं असं दोघांचं ठरलं आणि त्याच सुमारास नोकरी सोडायचंही. रात्री-बेरात्रीच्या कॉल्सनी ती पार पिचून गेली होती. तेव्हा कुठे तिने पॉलिसीची पानं वाचली. "मावशी, लास्ट वर्किंग डेला हे बंद," ती म्हणाली. "उद्या सातवा महिना असला तरी बंद."

वाट अगदीच नाही असं नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांप्रमाणे गट पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, जुन्या आजारांच्या वेटिंग पीरियडमध्ये काढलेला काळही धरला जातो. पण त्या पॉलिसीत मॅटर्निटीच नसेल, तर तो काळ बाळंतपणाच्या काय कामाचा? नवऱ्याच्या कंपनीचं कार्ड असतं तर भागलं असतं, पण तो स्वतंत्र व्यवसाय करतो. भाचीने राजीनामा पुढे ढकलला.

मला याचाच राग येतो. २६ आठवड्यांची पगारी रजा नोकरीला बांधलेली असते हे मी समजू शकते, ती पगाराचीच गोष्ट आहे. पण दवाखान्याचं बिल? आई कधी व्हायचं हे बाईने आपल्या तब्येतीकडे बघून ठरवावं की नोटीस पीरियडकडे?

कमी पगारवाल्यांच्या सरकारी विम्याचं, ईएसआयचं कार्ड या बाबतीत कितीतरी माणुसकीचं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचं ते. ईएसआयच्या दवाखान्यांतल्या रांगांबद्दल तक्रारी पुष्कळ, आणि त्या खऱ्याही आहेत. पण नोकरी सुटली म्हणून ते लगेच हात झटकत नाही. एप्रिल ते सप्टेंबर पुरेशा दिवसांची वर्गणी भरली असेल, तर तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत मिळतो, मधे नोकरी गेली तरी. कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या मुलीला जी सोय आहे, ती हिंजवडीतल्या इंजिनिअरला नाही.

गट पॉलिसीतही असं कलम घालता येईल. दिवस राहिल्यावर नोकरी सुटली, तर बाळंत होऊन बाळ घरी येईपर्यंत कार्ड चालू राहावं. तेवढ्या महिन्यांचा हप्ता पगारातून कापता येणार नाही, तर बाईकडून थेट घ्या. ती आनंदाने भरेल.