गुढीपाडव्याच्या रात्री वर्ध्याच्या आकाशात

दोस्तांनो, वर्धा म्हटलं की तुम्हांला सेवाग्राम आठवणार. आठवायलाच हवं! १९३६ साली गांधीजी इथं राहायला आले. त्यांची ती मातीची बापूकुटी पाहा, मग जवळच्या पवनारला चला. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. पण आज तिथं अंधार पडेपर्यंत थांबायचं आणि मान वर करायची.

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, आठ वाजायला थोडा अवकाश होता. अचानक आकाशातून जळत्या पलित्यांची रांग सरकू लागली! वर्धा, नागपूर, अकोला, पार जळगावपर्यंत लोक अंगणात आले. कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे विमान पेटलं. आता वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचं भलंमोठं दारूगोळा भांडार आहे. तेव्हा ‘क्षेपणास्त्र तर नाही ना?’ अशी शंका कुणाला आली असेल, तर त्याला हसू नका.

त्याच रात्री शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात, धातूची एक प्रचंड कडी येऊन पडली. रुंदी सुमारे ३ मीटर! म्हणजे तुमच्या वर्गाच्या दारातून ती आत येणार नाही. जवळपास धातूचे गोळेही सापडले. नशीब, कुणाला इजा झाली नाही. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या, काही दिवसांनी इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हिशेब मांडला, की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांग झेंग ३बी’ अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा. तो त्याच सुमारास खाली यायचा होता आणि त्याची वाटही जुळत होती.

उल्का नव्हती हे कशावरून? उल्का सेकंदा-दोन सेकंदांत विझते, कारण ती फार वेगानं येते. अग्निबाणाचा तुकडा त्या मानानं सावकाश, सेकंदाला सात-आठ किलोमीटर. जमिनीपासून साधारण ८० किलोमीटर उंचीवर तो फुटतो, म्हणून तर इतक्या जिल्ह्यांना एकदम दिसला.

आणि बरं का, आकाशाला सैन्यही चकतं! लडाखच्या सीमेवर ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात जवानांनी ३२९ वेळा चमकत्या वस्तू टिपल्या. चिनी हेरविमानं असावीत असा संशय. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. वेळ आणि क्षितिजापासूनची उंची रोज लिहून ठेवा, असं जवानांना सांगण्यात आलं. निघालं काय? गुरू आणि शुक्र! मला त्या जवानांचं कौतुकच वाटतं. कडाक्याच्या थंडीत त्यांनी नोंदी ठेवल्या, म्हणून तर उलगडा झाला.

ही युक्ती तुम्हीही करू शकता. हात सरळ लांब करून मूठ वळा. मूठ आकाशातले साधारण १० अंश झाकते. दिसलेला दिवा क्षितिजापासून किती मुठी वर होता, किती वाजता, किती वेळ, एवढं वहीत टिपायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो जवळजवळ तिथंच असेल, तर ग्रह किंवा तारा समजा. आणि शेतात कधी अनोळखी गोळा सापडलाच, तर हात लावू नका हं! अग्निबाणाच्या टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. धावत जाऊन पोलीस पाटलांना सांगा.

पवनारला दोन संध्याकाळी तरी काढाव्या लागतील. मुक्कामाची सोय तेवढी आईबाबांना आधीच पाहायला सांगा.