तार की तंगूस?

दिवाळीच्या सुमारास मालवणचे पाणी निवळू लागते. पावसाळ्यात कर्लीच्या मुखातून आलेला गढूळपणा खाली बसतो आणि १६६४ साली ज्याच्या बांधकामाला आरंभ झाला, त्या सिंधुदुर्गाच्या तटाखालचे खडक होडीतून दिसू लागतात. प्रवासी अशा निर्मळ पाण्यावर खूश असतो. गरीने सुरमई धरणाऱ्याला मात्र हेच पाणी पेचात टाकते.

सुरमईचे दात चपटे, त्रिकोणी आणि धारदार. मिटले की कातरीच! ती मागून बाणासारखी येते आणि भक्ष्याचा शेपटीकडचा तुकडा छाटते. ताणलेल्या दोरीला त्या दातांचा नुसता स्पर्श पुरतो. मासा जातो, गरी जाते आणि दिवसाची कमाईही. म्हणून गरी आणि मुख्य दोरी यांच्यामध्ये दातांना पुरून उरेल असा वेगळा तुकडा बांधावा लागतो. तो पोलादी तारेचा असावा की जाड तंगुसाचा, म्हणजे नायलॉनचा, यावर दांडीच्या किनाऱ्यावर जेवढा वाद मी ऐकला, तेवढा आमच्या प्राध्यापक मंडळींत ऱ्हस्वदीर्घावरूनही होत नाही.

एका वृद्ध तांडेलाच्या होडीत बसण्याचा योग आला. बरोबरच्या मुंबईकर पाहुण्याने विणीची नवी दोरी आणली होती. सुतासारखी बारीक, पण ओझे पेलण्यात नायलॉनला मागे टाकणारी. तांडेलाने ती बोटांत फिरवली. “वजनाक बरी. दाताक नाय.” खरेच आहे. तिचे तंतू केसाहून बारीक. धार लागली की भराभर तुटतात.

एकपदरी तार चिवट खरी, पण तिला मुरड पडली की ती तिथेच मोडते. तांडेल तशी तार सरळ करीत बसत नाही, टाकून देतो. पिळाची तार मऊ असते, आमिषाचा बांगडा तिच्यावर मोकळा हलतो. पण तिचे पदर एकेक करून उसवतात. आणि माशाला डोळे आहेत! नितळ पाण्यात सुरमई जवळ येते, पाहते आणि वळते.

यावर हल्ली फ्लुओरोकार्बनचा धागा निघाला आहे. पाण्याचा प्रकाश वाकवण्याचा आकडा १.३३, नायलॉनचा १.५३, या धाग्याचा १.४२, पाण्याला जवळचा, म्हणून तो कमी दिसतो. पण दातांपुढे तोही फार टिकत नाही. जाड घेतला तर एखाददुसरा चावा सोसेल, इतकेच.

होडी पळती असेल तर तांडेल तार बांधतो, कारण माशाला निरखायला सवड नसते. होडी उभी आणि पाणी नितळ असेल तर वीतभरच बारीक तार. तीही नाकारली गेली तर जाड तंगूस. आमिषाच्या शेपटीशी दुसरी गरी हवीच, कारण पहिला घाव तिथे बसतो. मोरीला मात्र वीतभर तार कुचकामाची. तिची कातडी कानशीसारखी, म्हणून तार तिच्या अंगाहून लांब लागते.

त्या सकाळी तारेकडे दोन तास कोणी फिरकले नाही. तांडेलाने ती सोडून तंगूस बांधला. पहिल्या सुरमईने तो तोडून नेला. दुसरी होडीत आली, तेव्हा तंगुसावर तीन खाचा होत्या.

“तार असती तर पहिलीही मिळाली असती ना?” मी विचारले.

“मास्तरानू, तारेर ती इलीच नसती,” तो म्हणाला आणि खाचांचा तुकडा कापून नवी गाठ मारू लागला.