साक्याचा शोध

देवगडचा कातळ एप्रिलच्या दुपारी तव्यासारखा तापतो. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण त्याचा वारा बागेत शिरेपर्यंत ऊनच होऊन जातो. याच उन्हाने हापूसला रंग-वास दिला, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. साकाही त्यानेच दिला, हे मात्र जरा हळू आवाजात!

साका म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस. बाहेरून फळ निर्दोष. बेंगळुरूच्या संशोधकांच्या मते झाडावर असतानाच कोय रुजायची तयारी करू लागते आणि भोवतालचा गर नासतो.

एका बागायतदाराच्या शेडमध्ये मी आंबे निवडणारे यंत्र पाहिले. पट्ट्यावरून फळ गोल फिरत जाते, कॅमेरे त्याच्या छब्या टिपतात आणि संगणक करपा, चिकाचे डाग ओळखून त्याला योग्य त्या खणात ढकलतो. हे ज्ञान त्याला कोणी नियम घोकून दिलेले नाही. माणसांनी ‘चांगला’, ‘डागी’ असे शिक्के मारलेली ढीगभर छायाचित्रे पाहून तो शिकला. याला मशीन लर्निंग म्हणतात. ज्या फळांबद्दल यंत्राचा निर्णय होत नाही, ती शेवटच्या खणात पडतात. तिथे एक आजी बसल्या होत्या. अंगठा फिरवून त्या क्षणात निकाल देत.

“आणि साका?” मी विचारले.

“तो ह्येका दिसणा नाय,” बागायतदार म्हणाले. “पेटयेत दोन फळां तशी गावली, तर गिऱ्हाईक पुढल्या वर्साक फिरकणा नाय.”

कॅमेऱ्याला साल तेवढी दिसते. साक्यात हवेच्या पोकळ्या असतात, त्या क्ष-किरणांच्या चित्रात उमटतात. सालीआड शिरणाऱ्या अवरक्त किरणांवरही प्रयोग झाले आहेत. पण संगणकाला ती चित्रे वाचायला शिकवायची, तर चित्र घेतलेले फळ चिरून आत काय होते ते सांगावे लागते. एकेका धड्याला एकेक आंबा! शिवाय एका बागेत घेतलेले शिक्षण दुसऱ्या बागेत पुरेलच असे नाही.

साका न होणारा ‘रत्ना’ १९८१ सालीच कोकणात तयार झाला. पण हापूस मागणाऱ्याला हापूसच हवा असतो, त्याला कोण काय करणार?

तोवर बागायतदारांपाशी जुनाच उपाय आहे. दर तोडणीतली थोडी फळे अढीत पिकवून चिरून पाहायची. माझ्यासमोर त्यांनी सहा चिरली. दोहोंत साका निघाला. उरलेली चार आम्ही तिथेच उभ्याने खाल्ली.